उजवीकडे वळणारी घोडी

बदलापूरला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या तुमसरची माणसं हमखास विचारतात, "तिथं पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हणतो, "घोडी." त्यावर समोरचा हसतो आणि धानाच्या भावाकडे वळतो. जे वळले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक कबूल करून टाकतो. मी घोड्यांतला माणूस नाही. आमच्याकडे बैल. आमच्या शंकरपटात बैलजोड्या सरळ रेषेत सुटतात, धूळ उडते, माणसं टोप्या उडवतात, आणि पळणाऱ्या जनावराबद्दल जगात जे काही कळायचं ते आपल्याला कळलं आहे, असं मला वाटत असे. घोडा पाहिला तो वरातीत, तोही लांबून. मागून गेलं तर लाथ मारतो आणि पुढून गेलं तर चावतो, एवढीच माझी विद्या.

माझी थोरली बहीण लग्न होऊन बदलापूरला गेली. भाऊजी अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते. आमच्याकडच्या मँगनीजच्या खाणीवर कंपनीचं यंत्र बसवायला आले आणि ताईला घेऊन गेले. पुढे ऐंशीचं दशक संपता संपता त्या कंपनीला टाळं लागलं. हिशेबाचे जे पैसे हातात आले, त्यातून इतरांनी रिक्षा घेतल्या, पिठाच्या गिरण्या घातल्या. भाऊजींनी मुंबईच्या शर्यतीच्या मैदानावरून बाद झालेली एक घोडी घेतली.

ही बातमी कळल्यावर आमची आई दोन वेळा जेवली नाही. "कारखाना गेला म्हणून माणूस घोडी घेतो का?" हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिली. शेवटी ताईचा मी काम करतो त्या राईस मिलवर फोन आला. ती म्हणाली, "सुधा, तू ये. पंच म्हणून ये. आमची शर्त लागली आहे."

शर्त अशी होती. भाऊजींना घोडी लग्नाच्या वरातींना द्यायची होती. उल्हासनगरात सिंधी लोकांची लग्नं पुष्कळ, आणि घोडीशिवाय त्यांचा नवरदेव हलत नाही. एका लग्नाचं काम मिळालं होतं. ते नीट पार पडलं तर घोडी राहणार. नाही पडलं, तर माथेरानचे एक घोडेवाले सोमवारी येऊन तिला घेऊन जाणार. आणि नीट म्हणजे काय, हे मी ठरवायचं.

मी चिन्नोर तांदळाचं एक पोतं खांद्यावर टाकलं आणि निघालो.

बारवीच्या रस्त्यावर

भाऊजींचं घर बदलापूर गावाबाहेर, बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका पाड्यात आहे. भात कापून झालं होतं आणि खाचरांतून वाल उगवला होता. आमच्याकडे धान निघाल्यावर लाखोळी हे कडधान्य टाकतात, तसाच हा प्रकार. त्यामुळे मला एकदम बरं वाटलं. परमुलखात आपलं शेत दिसलं की माणूस निम्मा घरी पोचतो.

अंगणाला फाटक नव्हतं. दोन खांबांमध्ये तीन बांबू आडवे अडकवलेले होते, आणि त्यावरून एक लांबट डोकं माझ्याकडे बघत होतं. रंग भिजवलेल्या चिंचेचा, कपाळावर पांढरा ठिपका. मी पोत्यासकट दोन पावलं मागे सरकलो.

"घाबरू नको रे," ताई ओसरीवरून म्हणाली, "माझी सवत आहे ती. मोठ्या घरची आहे, पण चावत नाही."

ताई तशी हाडाची तुमसरची, पण इतक्या वर्षांत तिची बोली भेसळ झाली आहे. माझ्याशी बोलताना "काहून रे, वाळला तू" म्हणते आणि मागे वळून भाऊजींना "ओ, बादली भरली नाय काय अजून?" असं ओरडते. दोन्ही तितक्याच जोरात.

घोडीचं शर्यतीतलं नाव होतं 'संडे मेलडी'. भाऊजी तिला संडे म्हणत. शेजारची म्हातारी रविवारीण म्हणे. ताई सवतच म्हणायची, आणि घोडी तिन्ही नावांना कान टवकारायची.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. बिरड्यातल्या वालांची सालं ताईने एकेक करून काढली होती. या भागात वाल सोलण्यात बायकांचा निम्मा हिवाळा जातो, असं ती म्हणाली. आमच्याकडे असल्या नाजूक कामाला कुणी तयार होणार नाही. आम्ही सालासकट खाऊन मोकळे होऊ. मी तिसरी भाकरी घेतली आणि भाऊजींनी तेवढ्यात विषय काढला. ताईने कपाळावर हात मारून घेतला, कारण हे आख्यान तिने रोज ऐकलं होतं.

"साळेबुवा, ही जात देवानं नाय केली. माणसानं केली," भाऊजी म्हणाले. "पहिले घोडे अरबांचे. छोटे, पण दमदार. तीनशे वर्षांमागं इंग्लंडच्या लोकांनी अरबस्तानातून, तुर्कांकडून घोडे नेले आणि तिकडच्या घोड्यांना लावले. त्यातले तीनच नर असे, की आज जगात जेवढे शर्यतीचे घोडे हायेत, त्यांचा बापाकडून धागा त्या तिघांपैकी एकाशी जाऊन मिळतो."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. हिच्या बापाचा बाप, त्याचा बाप, सगळं लिहून ठेवलेलं असतं. पुढं इंग्रजांसोबत ही जात इकडं आली. त्याच्या आधी आपल्या मुंबईत पण अरबी घोडेच पळायचे. व्यापारी गलबतातून आणायचे."

"आणि सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी," ताई ताटात भात वाढत म्हणाली. "एक जानेवारी. कधी का जन्मेना, एक जानेवारीला सगळे एका वर्षानं मोठे. शाळेत घालताना मास्तर लिहितात तसं."

"बघ, हिला पण पाठ झालं," भाऊजी खूश झाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण माझं लक्ष बिरड्याकडे होतं.

नदीवर

सकाळी उठलो तेव्हा भाऊजी अंघोळ करून, शर्ट खोचून तयार होते. पहिल्या पाळीची वेळ. कंपनी बंद होऊन वर्ष झालं होतं, तरी त्यांना त्याच वेळी जाग यायची. पूर्वी ते डबा घेऊन निघत. आता घोडीचा दोर घेऊन निघत होते.

उजेडात घोडी नीट पाहिली. बैलाच्या अंगावर कातडं जाड असतं, हात फिरवला तर पोतं लागतं. हिचं कातडं इतकं पातळ की खालच्या शिरा मोजता याव्यात. माशी बसली तर तेवढाच भाग थरथरायचा. पाय लांबच लांब, छाती खोल, नाकपुड्या रुंद. "श्वास मोठा लागतो ना," भाऊजी म्हणाले. "छातीत काळीज पण मोठं असतं यांचं. दोन वर्षांचं पोर असतं तेव्हाच मैदानात उतरवतात. खूर मात्र पातळ. पाय काचेचे समज." डाव्या पुढच्या पायावर गुडघ्याखाली एक जुनी गाठ होती. शर्यतीत तिथली शीर दुखावली आणि तिचं पळणं संपलं. आता पाय बरा होता, असं डॉक्टर सांगत होते.

नदी घराच्या डाव्या हाताला, हाकेच्या अंतरावर. बांबू काढले, घोडी बाहेर आली आणि उजवीकडे वळली.

"नदी तिकडे आहे ना?" मी विचारलं.

"हिला डावीकडे वळता येत नाय."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाही. मुंबईच्या मैदानावर घोडे उजव्या हातालाच वळतात. हिचं सगळं तरुणपण तसं पळण्यात गेलं, आणि जखमही डाव्या पायाला. डावीकडे वळायचं म्हटलं की ती मान ताठ करायची, चारी पाय रोवायची आणि डोळ्यांचा पांढरा भाग दाखवायची. अंगणासमोरची गल्ली अरुंद, तिथे तिला गोल फिरवायलाही जागा नव्हती. म्हणून आम्ही हाकेच्या अंतरावरच्या नदीला अख्ख्या पाड्याला उजवीकडून वळसा घालून गेलो. वाटेत प्रत्येक दारातून कुणीतरी भाऊजींशी बोलत होतं. "संडे, आज मंगळवार हाय गो!" असं म्हणत एकीने तिला गुळाचा खडा दिला. भाऊजी सगळ्यांची विचारपूस करत, हसत चालले होते. घोडी येण्याआधी दोन महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपून असायचा, असं ताईने आईला कळवलं होतं. मला ते खरं वाटेना.

परत आल्यावर मी बांबूच्या फाटकाबद्दल विचारलं. आधी तिथे चांगलं लोखंडी फाटक होतं. घोडी आणली त्या दिवशी भाऊजींनी तिला आत उभं करून फाटक लावलं. संध्याकाळी ताईने कडी काढली, फाटक खणकन उघडलं, आणि घोडी तिच्या अंगावरून गेल्यासारखी सुटली ती थेट धरणाच्या रस्त्यावर सापडली. शर्यतीच्या सुरुवातीला घोडे लोखंडी कप्प्यांत कोंडतात. दारं खाडकन उघडली की पळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी फाटक उपटून भंगारात दिलं.

हे मी ऐकलं आणि विसरलो. आम्ही सगळेच विसरलो.

अंबरनाथ

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही घोडीला घेऊन उल्हासनगरला पायी निघालो. भाऊजी दोर धरून, मी मागे सुरक्षित अंतरावर, आणि ताईने शिवलेली झूल माझ्या डोक्यावर. नवरदेवाला घोडी पांढरी लागते. त्या मुहूर्ताला सगळ्या पांढऱ्या घोड्या गेल्या होत्या म्हणून हिला काम मिळालं होतं. त्यावर उपाय म्हणून ताईने जुन्या पांढऱ्या साटीनची मानेपासून शेपटीपर्यंत पोचणारी झूल केली होती, कडेला जरी लावून. महिनाभर ती शिवत होती. शर्त घोडीच्या विरुद्ध लावणारी बाई एवढी बारीक टीप का घालेल, हाही विचार मी केला नाही.

रस्त्यात डावी वळणं आली की भाऊजींची युक्ती बघण्यासारखी होती. चौकात ते घोडीला तीनदा उजवीकडे वळवत. तीनदा उजवीकडे वळलं की तोंड आपोआप डावीकडे होतं. गणित बरोबर, पण तोवर रिक्षा, टेम्पो, सायकली सगळं थांबलेलं. एमआयडीसीच्या नाक्यावर एक रिक्षावाला खेकसला, "ए भाई, सर्कस है क्या? शिफ्ट का टाइम है!"

"हो गया, हो गया," भाऊजी शांतपणे म्हणाले. "आखिरी राउंड है."

नाक्यापुढे त्यांची कंपनी. हवेला औषधाच्या दुकानासारखा वास होता. फाटकाला मोठं कुलूप, त्यावर गंज, आणि आतल्या रस्त्यावर कमरेएवढं गवत. पहारेकरी ओळखीचा. त्याने घोडीकडे बघून विचारलं, "हे काय, शेठ झालास का?" भाऊजी हसले. मग कुलपाकडे जरा वेळ बघत राहिले. "सवय लई वाईट रे," ते मला म्हणाले. "टाळं लागल्यावर पण सुरुवातीला मी रोज इथपर्यंत यायचो. डबा खायचो आणि परत जायचो. मग तेही जमेना, घरात पडून राहिलो. हिला आणली तेव्हा सुटलो." मी झूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

दुपारी शिवमंदिराजवळ ओढ्याकाठी सावलीत थांबलो. नऊशे-हजार वर्षांपूर्वीचं मंदिर म्हणतात. बाहेरच्या भिंतीवर तळापासून वर मूर्तीच मूर्ती. आमच्या बाजूची जुनी देवळं पाहिलेल्या माणसालाही मान वाकडी करून बघत राहावंसं वाटेल. मी मुद्दाम घोडा शोधला. एका कोपऱ्यात घोड्यासारखं काहीतरी होतं, पण दगड इतका झिजलेला की बैलही म्हणता आला असता. मी बैल म्हटलं आणि खाली आलो.

उल्हासनगर

उल्हासनगरात प्रत्येक घराच्या खाली दुकान आणि प्रत्येक दुकानाच्या मागे कारखाना. फाळणीनंतर सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या लोकांनी लष्करी छावण्यांच्या बराकींतून हे शहर उभं केलं. आमच्याकडे माणूस दुपारी दुकान बंद करून झोपतो, इथे दुपारी झोपलेला माणूस आजारी समजतात. मराठी मंडळीही "साईं" म्हणून भाव करत होती.

नवरदेव महेश. त्यांचा कापडाचा धंदा. घोडीची सोय त्यांच्या गोदामाच्या अंगणात केली होती. सकाळी आमच्यासमोर दाल-पकवान आलं. मैद्याची कडक, मोठाली पुरी आणि वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. पोह्यांवर तर्री ओतून खाणाऱ्या माणसाला नाश्त्यातलं पटकन काही पटत नाही, पण मी दोनदा मागून घेतलं.

महेशची आजी, सगळे तिला अम्मा म्हणत, काठी टेकत अंगणात आली. अंगात पांढरे कपडे, चष्मा जाड. ती आमच्याशी न बोलता थेट घोडीपाशी गेली, झूल वर केली आणि खांद्यापासून खुरापर्यंत हात फिरवला.

"ही शादीची घोडी नाय," ती भाऊजींना म्हणाली. "ही दौडवाली आहे. सिंधमध्ये माझ्या बाबाकडे घोडे होते. मला शिकवतो काय?"

भाऊजींचा चेहरा पडला. "अम्मा, शांत आहे ती. मी बरोबर आहे ना."

"ती शांत आहे रे साईं. तिची जात शांत नाय," अम्मा म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तिला पकवानाचा तुकडा भरवला.

लग्न दिवसाचं होतं. वरात निघाली आणि खरं सांगतो, घोडी राणीसारखी चालली. बँड कानाशी वाजत होता, मुलं नाचत होती, ती मात्र मान डोलावत सावकाश पावलं टाकत होती. वाटेतली सगळी वळणं देवाच्या कृपेने उजवी. मी पंच म्हणून मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. भाऊजींनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

मंडप एका मोठ्या मैदानात होता. मैदानाला भिंत, आणि भिंतीच्या टोकाला लोखंडी फाटक. फाटकातून सरळ आत गेलं की रस्ता मंडपाच्या कडेने जात होता आणि मंडप उजव्या हाताला राहत होता. वरात पोचली तेव्हा नवरीकडच्या मुलींनी फाटक आतून बंद करून घेतलं होतं. नवरदेवाला अडवायची रीत. पलीकडून हसणं-खिदळणं चाललेलं. अलीकडे घोडी फाटकाला नाक लावून उभी, डाव्या अंगाला बँडची ढकलगाडी, उजव्या अंगाला शेजारच्या घराची भिंत. या तिन्हींनी मिळून तिला शर्यतीसारखं कप्प्यात कोंडलं होतं, आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिच्या लक्षात आलं. कान पुढे वळले, अंग आवळलं, मागचे पाय खाली दबले. भाऊजींनी ते पाहिलं आणि ओरडले, "गेट नको! गेट उघडू नका!"

मुलींना वाटलं, नवरदेवाकडचे लोक चिडले. त्यांनी हसत हसत कडी ओढली आणि फाटक खाडकन उघडलं.

मी पटात पुष्कळ जोड्या सुटताना पाहिल्या आहेत. बैल आधी जोर लावतो, मग वेग घेतो. ही घोडी उभी होती आणि मग नव्हती. दोर भाऊजींच्या हाताची साल काढून निघून गेला. मुली दोन्ही बाजूंना फेकल्यासारख्या पांगल्या. झूल हवेत उडत होती आणि महेश तिच्या मानेला मिठी मारून आडवा झाला होता. मैदानाच्या टोकाला भिंत. "मेला!" असं कुणीतरी ओरडलं. पण भिंतीपाशी ती सुंदर वळली, उजवीकडे. मंडपामागे आचाऱ्यांच्या चुली होत्या. तिकडून भांडी कोसळल्याचा आवाज आला आणि हातात झारा घेतलेला आचारी एका बाकावर उभा राहिलेला दिसला. पुन्हा उजवीकडे. मंडपाच्या पलीकडच्या अंगाने सेहरा उडताना दिसला आणि बांबूला जाऊन अडकला. पुन्हा उजवीकडे, आणि मंडपाच्या दारासमोरून ती थेट आमच्याच दिशेने आली. फाटकाजवळ तिने वेग कमी केला, चार पावलं दुडकी चालली आणि भाऊजींपुढे येऊन उभी राहिली. नाकपुड्या फुगलेल्या, डोळे चमकत होते. शर्यत संपली होती आणि ती पहिली आली होती.

महेश हळूहळू सरळ बसला. पगडी कानावर आलेली. आता शिव्या पडणार, मार बसणार, असं मला वाटलं. महेश म्हणाला, "अम्मा, एक राउंड और?"

नवरीचे वडील मात्र संतापले होते आणि ते बरोबरच होतं. एवढ्यात अम्मा काठी आपटत पुढे झाली. मंडपात सिंध्यांच्या झुलेलाल देवाच्या तसबिरीपुढे ज्योत तेवत होती. तिकडे बोट करून ती म्हणाली, "ज्योत कुठल्या हाताला होती? उजव्या. घोडीने ज्योतीला प्रदक्षिणा घातली. कुणाच्या लग्नात घोडी प्रदक्षिणा घालते, सांगा."

नवरीच्या वडिलांनी ज्योतीकडे बघून हात जोडले. बँडवाल्यांनी लगेच वाजवायला सुरुवात केली. आजही उल्हासनगरात ते लग्न लोकांच्या लक्षात असेल.

भाऊजी मात्र एका कोपऱ्यात घोडीचा पाय चाचपत बसले होते. "त्या पोरी बाजूला झाल्या म्हणून," ते एवढंच म्हणाले.

निघताना अम्माने त्यांना बोलावलं. "हिला वरातीत परत आणू नको. हिला आई होऊ दे. शहाडच्या पलीकडे माझ्या भाच्याकडे काठेवाडी घोडा आहे, कानाची टोकं एकमेकांना लागतात असला. मोठा समजदार. हिचा दम, त्याचं डोकं. बच्चा सुठा होईल, एकदम चांगला. विचार कर."

सोमवार

माथेरानचे घोडेवाले वेळेवर आले. माणूस सज्जन, बोलायला गोड. ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला. भाऊजींनी घोडीला खरारा करून अंगणात उभी केली होती, मुलीला दाखवायला बाहेर आणतात तशी.

"पंच, बोला," ते मला म्हणाले.

रात्रभर मी हेच घोळवत होतो. खोटं बोलणं सोपं होतं. लग्न लागलं होतं, नवरदेव शाबूत होता, सासरचे खूश होते. पण मला फाटकाजवळच्या त्या मुली आठवत होत्या.

"लग्न नीट पार पडलं नाही," मी म्हणालो. "नशिबानं पार पडलं. घोडी वरातीच्या कामाची नाही."

"बरोबर बोललास," भाऊजी म्हणाले. त्यांनी खुंट्याचा दोर सोडला, आणि तो पाहुण्याच्या हातात द्यायचं त्यांच्याच्यानं होईना म्हणून ताईच्या हातात दिला.

ताईने दोर घेतला. मग पाहुण्याला विचारलं, "दादा, तुमच्या डोंगरावर डावी वळणं किती?"

तो हसला. "डोंगर आहे वहिनी. डावी, उजवी, सगळीच. महिन्याभरात शिकेल."

"आणि नाही शिकली तर?"

"शिकवतो ना आम्ही. जनावरच आहे."

ताईने वाकून घोडीच्या डाव्या पायावरच्या गाठीवरून हात फिरवला. मग दोर परत खुंट्याला बांधायला लागली.

"अगं, शर्त होती ना?" मी म्हणालो. पंच म्हणून तेवढं म्हणणं भाग होतं.

"मी लावली होती, मीच मोडते," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "सुधा, कंपनी गेल्यावर हा माणूस कसा झाला होता, तू पाह्यलं नाहीस. मी पाह्यलं. भिंतीशी बोलायचा. ही आली आणि परत रोज सकाळी घराबाहेर पडायला लागला. लोकांशी बोलायला लागला. पोटाचं आम्ही बघू, दोघांना दोन हात आहेत. पण सवत द्यायची नाही."

पाहुण्याने उरलेला चहा संपवला, घोडीच्या मानेवर एकदा थाप मारली आणि म्हणाला, "वहिनी, मी पण नसती दिली." मग तो ताईने दिलेले चिन्नोर तांदूळ घेऊन गेला. ते मी खांद्यावरून आणले होते, हे कुणालाच आठवलं नाही.

पुन्हा एकदा

हे इथेच संपवणार होतो. पण पुढच्या वर्षीच्या माघात परत जाणं झालं, आणि या वेळी आई बरोबर होती. "त्या घोडीचं बाळंतपण कोण करणार?" असं म्हणत ती स्वतःच गाडीत बसली. भाऊजी तोवर अंबरनाथच्या एका लहानशा कारखान्यात पुन्हा फिटर म्हणून लागले होते. आधीच्या होळीच्या सुमारास त्यांनी संडेला शहाडच्या पलीकडे अम्माच्या भाच्याकडे नेऊन आणलं होतं.

आम्ही पोचण्याच्या आदल्याच आठवड्यात शिंगरू झालं होतं. आईचे लांब पाय, बापाचे आत वळलेले कान. कुठल्याही वहीत याची नोंद नसणार, त्यामुळे वाढदिवसही एक जानेवारीचा नाही. ताईने तिथी लक्षात ठेवली आहे. आमच्या आईने त्याच्या कपाळावर काजळाचा ठिपका लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बैलाला कुठे असे डोळे असतात?"

सकाळी भाऊजींनी बांबू काढले. शिंगराला पहिल्यांदाच बाहेर सोडत होते. ते अडखळत गल्लीत आलं, थांबलं, नाक वर करून वास घेतला आणि डावीकडे, नदीच्या दिशेने पळत सुटलं.

संडे बाहेर आली आणि नेहमीप्रमाणे उजवीकडे वळली. पिल्लू मागे नाही हे कळून थबकली. एकदा खिंकाळली. पुढे नदीच्या वाटेवरून बारीक उत्तर आलं. तिने मान ताठ केली, चारी पाय रोवले. भाऊजींनी दोर सैल सोडला.

मग तिने डावा पाय उचलला, जपून टाकला, त्यावर भार दिला, आणि डावीकडे वळून आपल्या शिंगराच्या मागे निघाली.